सत्त्याण्णव टक्के एकमत

आभासारखी डोकेबाज पोर अख्ख्या दुबईत दुसरी दाखवा! युरोपातली माणसं मतदानाला जाईनाशी का झाली, हे दुबई मरीनातल्या एका रिसर्च ऑफिसात शोधतात, आणि ते शोधते देरात राहणारी ही आभा. जोडीला वसईची अ‍ॅलिस. ऑफिस एक, रूम एक, मेट्रोचा डबाही एक.

काम काय, तर मतदारांची उत्तरं वाचायची. इटलीतली एक म्हातारी म्हणते, "पूर्वी पक्षाची माणसं दारात यायची, आता नुसते व्हिडिओ येतात." हे 'पक्षावर राग' या खान्यात टाकायचं, की 'पक्ष लांब गेला' या? अशी पाचशेवीस उत्तरं. दोघींनी आपापली वाचायची, एकमेकींना अवाक्षर सांगायचं नाही. शेवटी खाने किती जुळले ते बघायचं; न बोलता जुळले, तरच काम भरवशाचं.

पण देरा ते मरीना तासभर मेट्रो. दोन मैत्रिणी काय मुक्या बसणार?

"ती इटलीवाली आली का गं?" आभानं विचारलं.

"आली. मी 'लांब गेला'त टाकली."

"मग मीपण तिथंच."

निकाल लागला, सत्त्याण्णव टक्के जुळणी! अल क्वोजच्या गॅरेजात फोरमन असलेला आभाचा थोरला भाऊ सुरेश, दहावीनंतर थेट हातात पाना धरलेला गडी. त्यानं गॅरेजभर करक चाय पाजली. पण फोनवर आभाचा आवाज पडलेला.

"दादा, इतकं जुळत नसतं रे. आम्ही बोलायचो."

"मग? कुणाला कळणारे?"

"मला कळलंय ना."



हेड मॅडमना खरं सांगायचं म्हटल्यावर अ‍ॅलिस तर हादरलीच. "गप बस, बाई! रिपोर्टवर पहिल्यांदा आपली नावं छापून येतायत. मॅडमनी काढलं तर व्हिसा खलास, बॅगा भरा."

रात्रभर आभाला तेच दिसत होतं, छापलेलं नाव आणि भरलेली बॅग. सकाळी ती प्रोजेक्टच्या हेड कुबरा मॅडमच्या केबिनमध्ये गेली.

"मॅडम, ती जुळणी खोटी आहे. आम्ही बोलत होतो. पहिल्यांदा मीच विचारलं होतं."

मॅडमनी लॅपटॉप मिटला. "आकडा काल युरोपला गेलाय, आभा."

"माझ्या नावानं माफीचा मेल पाठवा."

"मेल मी पाठवीन. तुम्ही नवी पाचशेवीस उत्तरं घ्या. दोन आठवडे. नाही जमलं तर रिपोर्टवर दोघींचीही नावं नाहीत."

झालं! एक लेडीज डब्यात, दुसरी मागच्या साध्या डब्यात. अ‍ॅलिस तीन दिवस फुगलेली, जेवायलासुद्धा वेगळी बसली. चौथ्या दिवशी म्हणाली, "कालवणात मीठ कमी आहे." आभाला इतकं बरं वाटलं की ती खारट होईपर्यंत मीठ घालत राहिली. युरोपाचा मात्र घरात उच्चार नाही.

नवा आकडा आला, एकोणऐंशी.

"ऐंशीसुद्धा नाहीत?" दादा फोनवर कळवळला.

"दादा, हे खरे आहेत."

"मग एकोणऐंशी तर एकोणऐंशी! कुणाची टाप आहे काही म्हणायची!"

कुबरा मॅडमनी आकडा दोनदा बघितला आणि रिपोर्टवर दोन्ही नावं ठेवली. मग न जुळलेल्या एकशेनऊ उत्तरांची यादी टेबलावर टाकली. "यल्ला, आता बोला. हवं तेवढं भांडा."

"हे पहिलंच तुझं चुकलंय," अ‍ॅलिस लगेच म्हणाली.

"माझं?" आभानं खुर्ची पुढं ओढली.