बोरीखालची पट्टी आणि जावयाचा फेरा

माझ्या सासऱ्यांची बोरीखालची पट्टी माझ्या आळसामुळं गेली. (आळस हा शब्द सासुरवाडीचा. मी त्याला थकवा म्हणतो.)

निजामाच्या राज्यातली गोष्ट. मी परभणीच्या कचेरीत कारकून होतो आणि बसून बसून दमत होतो. सासुरवाडी चुडाव्याजवळ. लग्नानंतरच्या पहिल्या येळवशीचं, म्हणजे वेळ अमावस्येचं, बोलावणं आलं. रानात ज्वारी उभी असते आणि त्या अमावस्येला अख्खं गाव शेतावर जेवायला जातं! मी आगगाडीत उभ्यानं आलो, स्टेशनापासून गावापर्यंत चालत आलो, आणि गावापासून शेतापर्यंत डोक्यावर आंबिलीचं मडकं! (जावयाचा मान.) ताक आणि ज्वारीच्या पिठाची ती आंबील मानेवरून पाठीत उतरत होती.

शेतात कडब्याची खोप, आत पूजा, बाहेर पालेभाज्या आणि ओल्या दाण्यांची भज्जी आणि बाजरीचे उकडलेले उंडे. मी टेकणार, एवढ्यात मामा, म्हणजे सासरे, म्हणाले,

"जावईबापू, बसायलाव कुठं? शेताभोवती आंबील शिंपून या. त्याबिगर पंगत बसत न्हाई."

"सगळ्या शेताभोवती?"

"मंग काय निम्म्या?"

बोरीखालच्या पट्टीवरून मामांचं आणि त्यांचे चुलतभाऊ तात्या यांचं वाकडं होतं. बोर मामांच्या आईनं लावलेली. मामांचा जीव त्या पट्टीत होता. कोर्टातली उर्दू अर्जी मीच लिहून दिली होती. म्हणजे हद्द मला उर्दूत तोंडपाठ होती, पण माझ्या पायांना ती भाषा येत नव्हती!

"ओलगे, ओलगे!" असा शिंपतानाचा घोष करत निघालो. तिसऱ्या कोपऱ्यावर पायांनी असहकार पुकारला. बोर चौथ्या कोपऱ्यावर, लांब होती. भज्जीचा वास जवळ होता. मी मधूनच आडवा वळलो.

परतलो तर खोपीपुढं तात्या उभे. (येळवशीला भाऊबंदांना बोलवावंच लागतं.)

"बघितलं न्हवं सगळ्यांनी? जावयानं बोर बाहीर ठिवली!"

"दमले असतील ते," मामा कसेबसे म्हणाले.

"येळवशीला आपलं रान सोडून कुणी शिंपतंय का, दादा?"

गावातली म्हातारी मंडळी भुकेली होती. त्यांनी उभ्या उभ्या निकाल दिला: आंबील फिरली तीच हद्द!

"मी परत शिंपून येतो!" मी ओरडलो.

"मडकं रिकामं हाय," बायको म्हणाली. माझ्याकडं न बघता.

मामा बोरीकडं बघत जेवले. मला मात्र आग्रह करून भज्जी वाढली, त्याचीच लय लाज वाटली. अर्जी मागं घ्यायची अर्जीही मीच लिहिली.

"कारण काय लिहू, मामा?"

"लिवा, जावई लय लांबून आला व्हता."

पुढच्या येळवशीला मामांनी मला बैलगाडीतून नेलं, खोपीच्या सावलीत बसवलं आणि म्हणाले, "हात जोडतो जावईबापू, आता उठू नका." त्यानंतर सासुरवाडीत मला कुणी काम म्हणून सांगितलं नाही. तात्या मात्र दरवर्षी त्या बोरीची ओंजळभर बोरं आणून माझ्यापुढं ठेवत. मामांसमोर ती खाववत नसत. म्हणून मी त्यांच्याकडं पाठ करून, आडवा पडल्या पडल्या खात असे.