ठमीचं ‘येतो’

माईंचं पाळणाघर म्हणजे तळमजल्यावरच्या दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत रबरी चटई, खेळण्यांची टोपली आणि दाराला कमरेएवढं लाकडी फाटक; आतल्या खोलीत भिंतीलगत छोट्या गाद्या. माईंची ऐन उमेदीची वर्षं टेलिफोन एक्सचेंजमध्ये गेली होती. समोर माणूस नसताना नुसत्या आवाजावरून त्याचा रागरंग ओळखायची सवय तिथली. उरलेलं शिक्षण सासूबाईंनी दिलं. त्या सरळ काही मागायच्या नाहीत. ‘आज वारं फार सुटलंय’ म्हणजे खिडकी लावा, आणि ‘भात छान झालाय’ म्हणजे भाजी बिघडलीय. लेकी बोले सुने लागे, हा त्या घरचा रोजचा कारभार. माणूस बोलतो एक आणि त्याला म्हणायचं असतं दुसरंच, हे माईंच्या अंगवळणी पडलं होतं.

एक्सचेंज बंद झाल्यावर हात रिकामे राहिले, म्हणून शेजारणीचं मूल सांभाळायला घेतलं, आणि हां हां म्हणता घर पोरांनी भरलं.

त्यातलीच एक ठमी. हे नाव माईंनीच तिच्या गालांकडे बघून ठेवलेलं. दोन वर्षांची व्हायची होती. बोलायची कमी, टुकूटुकू बघायची जास्त.

सकाळी तिला बाबा सोडत. ते बस डेपोत मेकॅनिक होते. फाटकाच्या आत तिला उतरवायचे, डोक्यावरून हात फिरवायचे, ‘येतो हं’ म्हणायचे आणि निघायचे. सुरुवातीला तिने रडून घर डोक्यावर घेतलं, मग रुळली. संध्याकाळी न्यायला आई यायची. ती चष्म्याच्या दुकानात भिंगं घासून बसवायचं काम करायची. निघताना फोन करायची, म्हणजे माई ठमीचं तोंड धुऊन, पिशवी भरून तयार ठेवत. लेकीला आवाज ऐकू यावा म्हणून माई फोन स्पीकरवर टाकत. पलीकडून आई लाडाने म्हणायची, ‘ठमे, मी येते हं. येते मी.’

आणि इथेच बिनसायचं. तोवर हसतखेळत असलेली ठमी ओठ काढायची, आणि मग भोकाड पसरायची. आई पोचेपर्यंत ते रडं थांबायचं नाही. आईला रोज दारात दिसायचा तो लालबुंद चेहरा. उचलून घेतलं तरी ठमी जरा वेळ अंग ताठ करून राहायची.

बरेच दिवस आईने काही बोलून दाखवलं नाही. एका संध्याकाळी मात्र ती पिशवी खांद्याला लावून तिथेच उभी राहिली. जाऊबाईंनी तिला ऐकवलं होतं की दिवसभर टाकून जातेस, पोरीच्या मनात तुझ्याबद्दल अढी बसलीय. तिने काम सोडायचं जवळजवळ ठरवलं होतं.

“माई, खरं सांगा,” ती म्हणाली. “मी येते म्हटलं की रडते ती. तिला मी नको आहे का?”

माईंना गुळमुळीत बोलता यायचं नाही. “घाईने काही ठरवू नकोस,” त्या म्हणाल्या. “मला जरा तिच्याकडे बघू दे.”

त्याच आठवड्यात मोरीचा नळ गळायला लागला. प्लंबरने येऊन वायसर बदललं, हत्यारं गोळा केली आणि ‘येतो, माई’ म्हणून वळला. ठमीने लगेच हात हलवून त्याला टाटा केलं. माईंनी ते पाहिलं, पण सोडून दिलं. दुपारी चेंडू घरंगळत कपाटाखाली गेला. ठमी पोटावर पडून अंधारात बघत राहिली आणि म्हणाली, “बॉल येतो.” चेंडू तर येत नव्हता, गेला होता. मग तिने बाहुलीला टोपलीत घातलं, वर चादर टाकली आणि अगदी बाबांच्या सुरात म्हणाली, “येतो हं.”

माई टॉवेलची घडी करता करता थांबल्या.

निघताना ‘जातो’ म्हणू नये, म्हणून आपण ‘येतो’ म्हणतो. मोठ्यांना त्यातली मेख ठाऊक असते. या पोरीने मात्र ‘येतो’ ऐकला तो नेहमी पाठ फिरवणाऱ्या माणसाकडून. बाबा येतो म्हणाले की दिसेनासे होत, प्लंबरही तसाच. तिने आपल्या परीने अर्थ लावला होता आणि तो लावण्यात काही चुकलं नव्हतं. दिवसभर जिची वाट बघायची, तीच आई रोज संध्याकाळी फोनवर सांगत होती, मी चालले.

त्या दिवशी फोन आला तेव्हा माईंनी तो स्पीकरवर टाकलाच नाही. ठमीसमोर नुसत्या चपला ठेवल्या. चपला म्हणजे घर, हे तिला पक्कं माहीत होतं. उलटसुलट पायांत घालून ती फाटकाशी जाऊन बसली. आई आली तेव्हा तिने दोन्ही हात वर केले.

माईंनी सगळा उलगडा केला, तशी आई आधी हसत सुटली, आणि मग ओढणीने डोळे पुसत बसली. थोड्या वेळाने म्हणाली, उद्यापासून बाबांना ‘जातो’च म्हणायला सांगते.

“नको गं बाई,” माई म्हणाल्या. “ते माझ्याच्याने ऐकवायचं नाही. त्यांचं राहू दे. तू फोनवर फक्त ‘चपला घाल’ म्हण.”

तसंच ठरलं. काम सोडायचा विषय पुन्हा निघाला नाही. मधे एकदा आजोबांनी फोनवर पुढच्या रविवारी येतो म्हणून सांगितलं, तर नातीने टाटा करून फोन बंद केला. आजोबा रुसले, त्यांची समजूत काढता काढता घरच्यांची पुरेवाट झाली.

पुढे तिला कुणी काही समजावलं नाही. ती ऐकत राहिली, बघत राहिली. आतल्या आत काय जुळलं, कधी जुळलं, ते डोळ्यांत तेल घालून बसलेल्या माईंनाही कळलं नाही. एका सकाळी बाबा नेहमीसारखे ‘येतो हं’ म्हणून वळले, आणि मागून ठमीने विचारलं,

“कधी?”

बाबा फाटकाशी थबकले. मग परत आले, उकिडवे बसले आणि आज मीच न्यायला येईन, असं त्यांनी तिला कबूल केलं.