मागल्या चाकाचा आवाज

बातमी आली तेव्हा मी फळ्यावर गणित लिहीत होते. शिपाई दारात नुसताच उभा राहिला, आत येईना. "बाई, तुमच्या दाजींची जीप..." एवढंच तो बोलला आणि मी खडू खाली ठेवला. थोड्याच वेळापूर्वी मी त्याच जीपमधून उतरले होते. याला काही आठवडे झाले, तरी वर्गात अजून दाराकडे बघवत नाही.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. कुंभारी ते सोलापूर माणसांची ने-आण करायचे. तोंडाला खळ म्हणून नाही, आणि हट्टी तर विचारू नका. जीपची चाकं पार गेली तेव्हा त्यांनी भंगारातून दुसऱ्याच गाडीची चार चाकं उचलून आणली. जीपला पाच बोल्ट, या चाकांना सहा भोकं. मग चाकं ज्यांवर आवळतात ते ब्रेकचे ड्रम काढून लेथवाल्याकडे नेले, जुन्या भोकांच्या अधेमधे नवी पाडायला. मी सोबत होते. लेथवाला म्हणाला, "बीड हाय मालक, ओतीव लोखंड, जुन्या-नव्या भोकांत जागाच उरंना. तडकंल."

दाजी हसले. "तू पाड की. तडकलं तर माज्या नशिबानं तडकंल." ते हसणं मला तेव्हाच आवडलं नव्हतं.

चाकं बसली, गाडी पळायला लागली आणि अक्काची झोप उडाली. माठ घेताना आपण टिचकी मारून बघतो, तसं रोज सकाळी चाकामागून हात घालून ड्रम वाजवून बघायचा, असं तिने दाजींकडून कबूल करून घेतलं. ते थट्टा करायचे, पण पाना मारायचे. अक्का चुलीपाशी बसून चारही ठोके ऐकायची आणि मगच चहा गाळायची. रविवारी मी मुक्कामाला असायची. खणखणीत चार ठोके पडेपर्यंत त्या घरात कुणी बोलत नसे.

त्या सोमवारी चौथा ठोका पडला आणि अक्का पातेलं तसंच हातात धरून बाहेर आली. "अवो, मागल्या चाकाचा आवाज बद्द येतोय. आज न्हेऊ नगा गाडी."

"धूळ बसली आसंल. माणसं खोळंबल्यात की," म्हणत दाजींनी गाडी काढली.

वाटेत ते एक शब्द बोलले नाहीत. सारखे मान बाहेर काढून मागे बघत होते. शहराच्या अलीकडे गाडी थांबवून त्यांनी सगळ्यांना उतरवलं. "हितनं चालत जावा. मी मोकळी गाडी लेथवाल्याकडं न्हेतो." मग मला बाजूला घेऊन म्हणाले, "मास्तरीणबाई, अक्काचंच खरं हाय. पर तिला सांगू नगंस, लई चढंल."

पुढच्या उतारावर मागलं चाक निखळलं आणि जीप पुलाखाली गेली...

दिवसकार्य होईपर्यंत अक्काचं एकच चाललं होतं, "माजं ऐकलं न्हाय त्यांनी." शेवटी मला राहवेना. ऐकलं होतं गं, म्हणून तर आम्हाला उतरवलं, असं मी सांगून टाकलं.

"मग सोता का न्हाय उतरले?"

मला दाजींची आठवण येते तेव्हा आधी त्यांचा राग येतो, रडू मागून येतं.

जीप आता अंगणात आहे, निखळलेल्या चाकाच्या जागी दगड लावून ठेवलेली. परवा मुक्कामाला गेले होते. सकाळी जाग आली ती ठोक्यांनी. अक्का पाना घेऊन एकेका चाकामागे वाकत होती. तीन ठोके खणखणीत पडले. दगडापाशी ती जरा वेळ तशीच थांबली.

"बाकीचे चांगले हाईत," आत येत ती म्हणाली. कुणाला, ते मी विचारलं नाही. मग तिने चहा गाळला.