नाव लिवलं का?

बोईसरला फोटोभाऊंच्या स्टुडिओत सगळं मिळायचं, फक्त गोरेपणा मिळत नसे. लग्नाचे अल्बम, पासपोर्टचे फोटो, आजोबांच्या फाटक्या फोटोची डागडुजी, काय हवं ते सांगा. पण "चेहरा जरा उजळ करा" म्हटलं की भाऊ चष्मा कपाळावर चढवून म्हणत, "समोरच्या दुकानात जा. तिथं पावडर लावतात." गिऱ्हाईक खरंच उठून जायचं आणि भाऊ खुशाल चहा मागवायचे. असा माणूस! त्यांच्याकडे मी कॉम्प्युटरवर कामाला होते, हे आजही ताठ मानेनं सांगते.

त्यांची एक पद्धत होती. फोटो स्क्रीनवर उघडला की आधी ड्रॉपर घ्यायचा, म्हणजे फोटोतला रंग उचलणारी ती छोटी नळी. कपाळावरचा रंग उचलायचा, गालावरचा, हनुवटीवरचा. फोटोच्या कडेला त्या रंगांचे चौकोन भरायचे आणि प्रत्येकाखाली नाव लिहायचं: 'शेवंताचं कपाळ', 'शेवंताचा गाल'. मग बाकीचा उजेड-अंधार हवा तसा हलवा, पण चेहऱ्याचा रंग त्या चौकोनांपासून ढळता कामा नये. "नाव लिवलं का?" हे ते इतक्यांदा विचारत की मी झोपेतही "लिवलं, लिवलं" म्हणते, असं आई सांगायची.

कारखान्यातला एक कामगार म्हणाला, "भैया, थोड़ा गोरा कर दो, गाँव भेजना है." भाऊ म्हणाले, "माँ पूछेगी, ये किसका लड़का है?" तो पोट धरून हसला आणि आहे तसाच फोटो घेऊन गेला. सातपाटीची मासे विकणारी शेवंतामावशी तर भाऊंच्याही वरताण निघाली. "मावरं ताजं हाय का नाय, ते रंगावरूनच वळखतात ना? मंग माझा रंग कशाला बदलायचा?" हे वाक्य भाऊंनी पुढे जन्मभर वापरलं, दर वेळी तिचं नाव घेऊन.

मग माझीच पाळी आली. दोन स्थळं मला बघून परत गेली होती. आई आमच्या गावाहून, माहीमहून, थेट स्टुडिओत आली. "भाऊ, तुमी हिला जराशी उजळ करा. पोरीच्या जन्माचा प्रश्न हाय." मी मान खाली घालून बसले. खरं सांगते, मलाही तेच हवं होतं. भाऊंनी आईला पाणी दिलं आणि मला म्हणाले, "माऊस तुझ्या हातात हाय. कर काय करायचं ते. पण आधी रंग उचल, नाव लिव."

मी माझ्या गालावरचा रंग उचलला आणि चौकोनाखाली रागारागानं लिहिलं, 'काळा'.

"खोटं लिवलंस," भाऊ म्हणाले. "काळा कुठं हाय? दाव मला."

मी सगळ्या चेहऱ्यावर ड्रॉपर फिरवला. गालावर तांबूस निघाला, कानापाशी पिवळसर, हनुवटीखाली चॉकलेटी. काळा सापडला तो शेवटी बुबुळात. "तिथं असू दे," भाऊ म्हणाले. मला हसू फुटलं आणि रडूही. आई खुर्ची ओढून स्क्रीनजवळ आली, बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "ऱ्हाऊ दे भाऊ. हाय तशीच काढा." मी 'काळा' पुसला आणि लिहिलं, 'दीपालीचा गाल'. तोच फोटो पुढच्या स्थळाकडे गेला, आणि आज मी त्याच घरात नांदते आहे.

गेल्या वर्षी भाऊ गेले. स्टुडिओ आता मी चालवते. दहाव्याआधी फ्रेम हवी म्हणून भाऊंची बायको, आमच्या वहिनी, आल्या. डोळे पुसत म्हणाल्या, "जरासे उजळ कर गं यांना. माणसं येतील."

"वहिनी, ते उठून भांडायला येतील!" मी म्हटलं, आणि आम्ही दोघी हसता हसता रडलो. मी भाऊंचा फोटो उघडला, ड्रॉपर घेतला. रंग उचलले, नावं लिहिली: 'भाऊंचं कपाळ', 'भाऊंचा गाल', 'भाऊंची हनुवटी'.

काम झालं की चौकोन पुसून टाकायचे, असा आमच्या स्टुडिओचा नियम. त्या फाइलीतले चौकोन मी अजून पुसलेले नाहीत.