राक्षसाचा डोळा

दर रविवारी लेकीबरोबर मीही बाहुलीवाल्या आबांकडे चामड्याच्या छायाबाहुल्या करायला बसतो. लेक राक्षस झकास कापते. माझा राजा वांग्यासारखा दिसतो. "बाबा, ह्याचं भरीत करू या," ती म्हणते.

डोळा मात्र सगळ्यांच्या बाहुल्यांना आबाच पाडतात. टोच्यावर हातोडीचा एक ठोका, की भोकातून दिव्याचा उजेड येतो आणि बाहुली बघू लागते. हा टोच्या एकदा दुसऱ्याच्या हाती दिला, की आपण पुन्हा धरायचा नाही, ही त्यांच्या घराण्याची रीत.

आज आबा बराच वेळ चामड्यावर नुसती बोटं फिरवत राहिले. मग टोच्या लेकीपुढे धरून म्हणाले, "घे गो चेडवा, तूच पाड."

शिकायला आलेल्या बाकीच्या पोरांनी टाळ्या पिटल्या. दारातून आबांच्या बायको, काकू, म्हणाल्या, "अहो, इतक्यातच?"

कला हातातून हातात जाते, असं मीही भाषणात ठोकून देतो. त्यात एक हात रिकामा होतो, हे कधी डोक्यातच आलं नव्हतं.

ठोका पडला. लेकीनं राक्षस दिव्यासमोर धरला. त्याचा डोळा लखलखला आणि थेट आमच्यावर रोखला गेला.

"आबा, बघा ना!"

आबा हसून बघत होते, पण राक्षस नव्हता त्या बाजूला.