बाईंनी शिकवलेला 'इल'

इंग्रजीतला 'इल' म्हणजे आजारी, एवढंच मला दहावीपर्यंत ठाऊक होतं. तो क्रियापदालाही चिकटतो आणि तिथे वाईटपणा आणतो, हे शेजारच्या बाईंनी शिकवलं. 'स्पीक इल' म्हणजे कुणाविषयी वाईट बोलणं, 'थिंक इल' म्हणजे मनात वाईट धरणं. 'कॅन इल अफोर्ड' म्हणजे मुळीच न परवडणं, आणि त्याला त्यांचं ठरलेलं उदाहरण होतं: शेजाऱ्याशी वैर आपल्याला 'इल' परवडतं. हे वाक्य त्या माझ्याकडे न बघता म्हणायच्या, कारण शेजारी आम्हीच होतो.

नव्वदच्या दशकात शहराच्या कडेला, मखमलाबादकडे, मळ्यांना लागून बंगले उठू लागले होते. आमचा झेंडू-शेवंतीचा मळा, आणि कुंपणापलीकडे शाळेतून निवृत्त झालेल्या बाईंचं घर. त्या एकट्याच राहायच्या. एकदा आम्ही फुलांवर फवारलेलं औषध वाऱ्याने त्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर गेलं. फवारायच्या आधी सांगत जा, एवढंच त्या म्हणाल्या. त्यावर आईने त्यांचं शिक्षण, पेन्शन, एकटेपण, सगळं काढलं. तेव्हापासून दोघींचा अबोला. माझी शिकवणी मात्र चालूच राहिली. भांडण माझं हाय, पोरीचं इंग्रजी कशापायी बुडवायचं, असा आईचा रोकडा हिशोब. बाईंनीही मला कधी तोडलं नाही. त्यांच्या जागी मी असते तर पहिल्याच दिवशी फाटक लावून घेतलं असतं.

अशात ताईला ओझरचं स्थळ आलं. मुलगा विमानाच्या कारखान्यात कामाला. ताईला तो मनापासून आवडला होता आणि तिकडूनही पसंती होती. राहिली होती फक्त चौकशी, आणि ती शेजारीपाजारीच केली जाते. आमच्या एका बाजूला कालवा, दुसऱ्या बाजूला बाई. कालवा काही बोलणार नव्हता. आता ती उट्टं काढणार, म्हणत आई घरात सैरभैर फिरत होती.

मुलाचे काका आले तेव्हा मी बाईंच्या ओट्यावर निबंध लिहीत होते. मी उठू लागले तर बाईंनी हाताने बसवलं. "ही मुलीची धाकटी बहीण. जे बोलायचं ते हिच्यासमोरच बोलेन."

काका जरा अवघडले. मग त्यांनी विचारलंच, की मुलीची आई फार भांडखोर आहे म्हणतात.

"आहे," बाई म्हणाल्या. "माझ्याशीच भांडली आहे. आम्ही बोलत नाही, तेव्हा माझं म्हणणं पारखूनच घ्या. पण मागे मला हिवताप झाला, तर ही पोर रोज ओढणीखाली लपवून भाकरी आणायची. हिला वाटायचं, आईला पत्ता नाही. मोजून भाकरी थापणाऱ्या घरात रोज जास्तीची कोण थापतं? आणि ती साधी भाकरी नसायची, दुधात मळलेली मऊ दशमी असायची. आजाऱ्याच्या तोंडाला काय चालतं, हे पोरींना सुचत नाही. अशा घरातली मुलगी मी डोळे झाकून केली असती."

मी बघतच राहिले. मला खरोखरच वाटत होतं की मी ती चोरून नेते. आणि बाईंना हे पहिल्या घासापासून ठाऊक होतं. खोटं न बोलता आणि वाईटही न बोलता एखाद्या माणसाविषयी इतकं खरं बोलता येतं, हे मी त्याआधी पाहिलं नव्हतं, नंतरही क्वचितच पाहिलं.

काकांनी चहा घेतला आणि तिथून थेट आमच्याकडे तारीख ठरवायला गेले.

संध्याकाळी मी आईला सगळं शब्दन्शब्द सांगितलं. तिने तव्यावरची भाकरी उलटली नाही, ती करपली.

"वळखली व्हय तिनं दशमी," एवढंच म्हणाली.

मग हात पुसून बाहेर गेली आणि कुंपणापाशी उभी राहिली. बाई झाडांना पाणी घालत होत्या.

"उद्या सकाळी फवारणी हाय," आई म्हणाली. "कपडे आत घ्या."

बाई बरं म्हणाल्या आणि तोंड फिरवून पदराने डोळे पुसत राहिल्या.