उलटा हात

टीव्ही मधूनच बंद पडायचा, म्हणून गोविंदपुऱ्यातल्या एका मेकॅनिकला बोलावलं होतं. त्याचं नाव विचारायचं राहूनच गेलं. पन्नाशीचा, मूळचा नागपूरकडचा, मराठी बोलता बोलता हिंदीत शिरणारा. स्क्रू काढण्याआधी त्याने टीव्हीच्या पाठीला उलटा हात लावला आणि क्षणभर डोळे मिटले. मग आतली धूळ झटकली, एक भाग बदलला आणि टीव्ही लावून, नीट चालतोय का ते बघत चहा घेत बसला.

अंतराळयानाचा सिनेमा लागला होता. बाबा नेहमीसारखे समोरच्या खुर्चीत होते. यानाचं इंजिन बंद पडलं, लाल दिवे लागले, पळापळ झाली. मी म्हटलं, "आता काय होणार ते कळत नाही, यातच तर मजा आहे."

तो बशी खाली ठेवत म्हणाला, "मशीन एकदम नाही बंद पडत, भाऊ. दोन दिवस आधीपासून तापते. इतके लोक आहेत त्या यानात, एकानं तरी हात लावून पाहिलं का? तुम्ही ज्याला सस्पेन्स म्हणता ना, आमच्या कामात त्याला लापरवाही म्हणतात."

मला हसू आलं. त्याला दारापर्यंत सोडून आलो, तर बाबांची रोजची खुनाची मालिका सुरू झाली होती. एरवी दहा मिनिटांत खुनी कोण ते सांगून आमची मजा घालवणारे बाबा गप्प होते. मग आठवलं, ते कालही काही बोलले नव्हते.

मी त्यांच्या कपाळाला उलटा हात लावला. कपाळ चांगलंच तापलं होतं.